बारा साहेब आणि कृष्णाचे डोळे

वेंकटराव चित्रकार वैशाखात वारले, आणि गोकुळाष्टमीच्या आधीच्या शनिवारी सकाळी साडेनऊ ते दीड त्यांचा कार्यक्रम होता. या दोन गोष्टींचा मेळ बसत नाही, एवढं साधं वाक्य बोलायला त्यांची मुलगी विनुता हिने प्रवीणकुमारला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तोच आधी बोलला.

“अक्का, बॅनर छापून झालाय.”

प्रवीणकुमार हा तिच्या आत्याचा मुलगा. तिरुचीजवळच्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीत तो साहेब लोकांना शिकवण्याचं खातं सांभाळायचा. म्हणजे स्वतः काही शिकवायचा नाही, शिकवणारी माणसं शोधून आणायचा. यंदा त्याला विषय सुचला होता, ‘सर्जनशीलतेबद्दल उद्योगपतींनी कलावंतांकडून काय शिकावं’, आणि कलावंत म्हणून घरचेच मामा सापडले होते. बॅनर आठ फुटी होता. वरती अप्पांचा, म्हणजे वेंकटरावांचा, रेशनकार्डावरचा फोटो मोठा करून लावला होता, त्यामुळे ते नुकतेच पकडले गेल्यासारखे दिसत होते. खाली लिहिलं होतं, ‘सर्जनशीलता-गुरू’.

अप्पा या कार्यक्रमाला कसे तयार झाले याचं नातेवाइकांना फार नवल वाटलं होतं. विनुताला वाटलं नव्हतं. त्यांनी तेव्हाच बोटं मोजत हिशेब सांगितला होता, “बारा जण येणार मणतो. एकेकाला दोन हात. चोवीस हात मणजे चार फळ्या घासून होतील की नाही एका सकाळीत?”

तंजावरचं चित्र म्हणजे लोकांना सोनं आणि खडे आठवतात. घरच्यांना आठवतं ते घासणं. फणसाच्या लाकडाची फळी, तिच्यावर चिंचोक्याच्या खळीने चिकटवलेलं कापड, कापडावर चुन्याचे थर, आणि मग तो पांढरा पृष्ठभाग गोट्याने घासत बसायचं, काचेसारखा होईपर्यंत. त्यानंतर रेखाटन, खडे, उठावाचं काम, सोन्याचा वर्ख, रंग. सगळ्यात शेवटी डोळे. डोळे उघडेपर्यंत चित्र कापडाखाली झाकून ठेवायचं, हा रिवाज.

अप्पांच्या खोलीत तसं एक चित्र झाकलेलं होतं. गल्लीतल्या भजनमठासाठी केलेला लोणीचोर कृष्ण. बाळसं, पैंजण, हातातला लोण्याचा गोळा, सोन्याची महिरप, अस्की, म्हणजे सगळं, झालं होतं. डोळे तेवढे राहिले होते. मठाला ते गोकुळाष्टमीला हवं होतं. मठाच्या मंडळींनी आडून, मग सरळ विचारलं होतं की चेन्नईच्या एखाद्या चित्रकाराकडून डोळे करून घ्यावेत का. विनुता म्हणाली होती, “नको.” परक्या हाताने अप्पांचं चित्र पुरं होऊ नये एवढंच तिला ठाऊक होतं. स्वतःच्या हाताने ते होईल असं तिला क्षणभरही वाटलं नव्हतं.

सूर्यनारायण मामांना वाटत होतं. ते अप्पांचे जोडीदार. चाळीस वर्षं दोघांनी शेजारी बसून चित्रं काढली. आता त्यांचा हात कापायचा. “मी डोळे काढले तर कृष्णाला मोतीबिंदू होईल,” ते म्हणाले. “तू कर.”

“अप्पांनी मला अस्की शिकवलं मामा. डोळे नाही शिकवले.”

“त्याला कोणी शिकवले होते?”

याला उत्तर देता आलं असतं. वेंकटराव एका दमात डोळे उघडतात, ही गल्लीतली आख्यायिका होती. पहाटे स्नान करायचं, दार लावायचं, खारीच्या केसांचा ब्रश घ्यायचा, श्वास रोखायचा, चार रेघा, दोन ठिपके, संपलं. अशा माणसाला शिकवावं लागत नाही. विनुता कॉलेजात ग्रंथपाल होती. तिच्या हातून यादी चोखोट व्हायची, देव नाही.

ग्रंथपाल असल्यामुळेच तिने कार्यक्रमाची तयारी पुस्तकांपासून केली. उद्योग आणि सर्जनशीलता या विषयावरची सात पुस्तकं तिने घरी आणून वाचली. सातांत मिळून एकही चित्रकार नव्हता. एका पुस्तकात ‘चुकायला घाबरू नका’ हे वाक्य एकतीस वेळा आलं होतं, आणि पुस्तकात छपाईची एकही चूक नव्हती. तिने ते मिटलं आणि शेजारच्या शेषाद्री मामांचं ऐकायला सुरुवात केली. ही मोठी चूक होती.

शेषाद्री मामा पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले होते, आणि निवृत्तीनंतर त्यांच्या सल्ल्याचं वाटप फार वाढलं होतं. ते पायरीवर उभं राहूनच म्हणाले, “विनू, साहेब लोक जमिनीवर बसत नाहीत. गुडघे.”

“चित्र जमिनीवर बसूनच करतात मामा.”

“चित्रकार करतात. साहेब बघतात. खुर्च्या मी बघतो.” मग त्यांनी छताकडे पाहिलं. “आणि एसी?”

प्रवीणकुमारलाही नेमका तोच प्रश्न पडला होता. तो भाड्याचे दोन एसी पाठवायला तयार होता, पण घराची वायरिंग विनुतापेक्षा वयाने मोठी. वाढीव वीज हवी होती. म्हणून विनुता विजेच्या ऑफिसात गेली.

तिथे कामाक्षी नावाच्या बाई होत्या. समोर थर्मास, बाजूला मोगऱ्याचा गजरा काढून ठेवलेला. त्यांनी अर्ज वाचला. “कनेक्शन वेंकटरावांच्या नावे आहे. त्यांनी सही करायला पाहिजे.”

“ते वारले.”

“अय्यो.” बाईंचा चेहरा खरोखर पडला. मग तो हळूहळू ऑफिसच्या उंचीवर परत आला. “मग कनेक्शन तुमच्या नावावर करून घ्या. वारस दाखला, मृत्यूचा दाखला, घरपट्टीची मूळ पावती.”

तिन्ही कागद विनुताने आणले होते. यादी करणारी बाई ती. कामाक्षीबाईंनी घरपट्टीची पावती बघितली, शिक्का मारायला उलटी केली, आणि शिक्का हवेतच थांबला. पावतीच्या पाठीवरून अकरा डोळे त्यांच्याकडे बघत होते.

“हे काय?”

विनुतानेही ते आत्ताच पाहिलं होतं. “डोळे,” ती म्हणाली.

“ते दिसतंय हो. सरकारी कागदावर कशाला?”

शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ उठून आले. मग पलीकडचे आले. रांगेतल्या एका म्हातारबुवांनी चष्मा पुसून मान आत घातली. तीन-चार डोळे स्पष्टच बिघडले होते. एक सुजला होता, एक रागावला होता, एक तर झोपाळू होता.

“हा सातवा बरा आहे,” कामाक्षीबाई शेवटी म्हणाल्या. “कुठला देव?”

“कृष्ण.”

“तरीच.” त्यांनी पावती दोन्ही हातांनी परत दिली, प्रसाद देतात तशी. “पण हा कागद चालणार नाही, अम्मा. खराब झालेला कागद धरतात याला. महापालिकेतून नक्कल आणा. पंधरा दिवस.”

घरी येऊन विनुताने अप्पांची कागदांची पेटी उघडली. आजवर ती तिने फक्त वरवर चाळली होती; चार महिने तिला तेवढंच जमत होतं. आता तिने एकेक कागद उलटा केला. दुधाच्या हिशेबाच्या पाठीवर डोळे. लग्नपत्रिकांच्या आत डोळे, वधूवरांच्या नावांच्या मधल्या जागेत. विमा कंपनीच्या लिफाफ्यांवर डोळे. तिच्या बारावीच्या गुणपत्रिकेच्या झेरॉक्सवर सव्वीस, आणि त्यातले चोवीस नापास. पेटीच्या तळाशी तिच्या जन्माच्या आधीच्या तारखांचे कागद होते, तिथेही हेच.

एका दमात डोळे उघडणारा माणूस चाळीस-पन्नास वर्षं रोज डोळे चुकवत बसला होता. कधी? ती शाळेत गेल्यावर, मग कॉलेजात नोकरीला गेल्यावर. ती यायच्या आत पेटीत. तिला आधी हसू आलं. मग राग आला, आणि तो बराच वेळ टिकला. दोघंच तर होती घरात. तिने एकदा तरी बघितलं असतं तर काय बिघडलं असतं? तिने पेटी बंद केली, पुन्हा उघडली, हाताला लागले ते शे-दीडशे कागद एका फायलीत लावले. तारखेप्रमाणे. सवय.

वीज काही वाढली नाही. पण “एसी नाही तर नाही, माझ्या पुतण्याचा मंगल कार्यालयात वशिला आहे,” असं शेषाद्री मामा म्हणाले, आणि शनिवारी सकाळी आठ वाजता दारात टेम्पो उभा राहिला. त्यातून बारा खुर्च्या उतरल्या, माणसाच्या उंचीचे दोन पंखे उतरले, आणि त्यामागून वधूवरांची लाल मखमली सिंहासनं उतरली, दोन.

“मामा, हे?”

“पॅकेजमध्ये येतात. वेगळी काढता येत नाहीत मणे.” मामा जरा ओशाळले. “मुख्य साहेबांना एक होईल. दुसऱ्यावर तू.”

“मी जमिनीवर बसेन.”

“गुरूच्या जागी आहेस. मान ठेव थोडा.”

मामांच्या पत्नी वरलक्ष्मी मामी तोवर विनुताच्या स्वयंपाकघरात शिरून सांबाराची डाळ चढवून बसल्या होत्या. साहेबांना काय आवडेल, असं त्यांना कोणी विचारलं नव्हतं, म्हणून त्यांनी सगळंच केलं होतं.

साडेनऊला बारा साहेब अप्पांच्या खोलीत आले. शर्टांवर नावांच्या पट्ट्या. सगळ्यात पुढे कंपनीचे मुख्य, भरद्वाज. साठीचे, टक्कल, मृदू आवाज, आणि कशालाही ‘यातून आपण काय नेणार?’ विचारण्याची खोड. त्यांना सिंहासनावर बसवण्यात आलं. बाकी अकरा जणांनी त्यांच्याकडे न बघण्याचा सर्जनशील प्रयत्न सुरू केला.

विनुताने त्यांना फळ्या दिल्या, गोटे दिले. “घासा.”

“किती वेळ?” एकाने विचारलं.

“काच होईपर्यंत.”

“साधारण?”

“अप्पा तीन दिवस घासायचे.”

प्रवीणकुमारने कार्यक्रमपत्रिका दाखवली. घासण्याला वीस मिनिटं होती. साहेबांनी वीस मिनिटं घासलं. चोवीस हातांपैकी सात मोबाइलवर होते, त्यामुळे अप्पांचा हिशेब चुकला असता. एका व्यवस्थापकाने सुचवलं की यंत्राने घासलं तर नव्वद टक्के वेळ वाचेल. “वाचवून काय कराल?” असं विनुताच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. खळीचा डबा उघडला गेला, आणि दुसऱ्या एका साहेबांचा अंगठा फळीला असा चिकटला की गरम पाणी मागवावं लागलं. चिंचोक्याची खळी हुद्दा बघत नाही.

मग वर्ख. वर्खाच्या आधी विनुताने खिडक्या लावल्या, पंखे बंद केले आणि निक्षून सांगितलं, “श्वाससुद्धा बाजूला सोडा.” खोलीत ऑगस्टातलं तंजावर भरून राहिलं. तिने सोन्याचं पान चिमटीत उचललं. बारा माना पुढे झुकल्या. भरद्वाजांच्या टकलावरून घाम ओघळायला लागला, आणि दारात उभ्या असलेल्या शेषाद्री मामांना हे पाहवेना. आलेल्या माणसाला उकडतंय म्हणजे काय! त्यांनी पंखा त्यांच्याकडे वळवला आणि बटण तीनवर नेलं.

पुढची काही मिनिटं कोणाला नीट सांगता आली नाहीत. वर्खाची अख्खी वही उघडी होती. सोनं उठलं, खोलीभर फिरलं, बॅनरवरच्या अप्पांच्या कपाळाला लागलं, सांबारात गेलं. अकरा साहेब खुर्च्यांवर चढून हवेत टाळ्या वाजवत होते. “धरू नका! धरलं की फाटतं!” विनुता ओरडत होती. “मग काय करू?” एक जण कळवळून म्हणाला. एवढा प्रामाणिक प्रश्न सकाळपासून कोणी विचारला नव्हता.

पंखा थांबला तेव्हा भरद्वाज सिंहासनावर जागच्या जागी बसलेले होते. घामाच्या टकलावर सोन्याचं एक अखंड पान नीट बसलं होतं, सुरकुती न पडता. वरलक्ष्मी मामी पाण्याचे पेले घेऊन आत आल्या, त्यांनी समोर बघितलं, पेले खाली ठेवले आणि हात जोडले.

भरद्वाजांनी सावकाश विचारलं, “यातून आपण काय नेणार?”

“सर, हे धुऊन जाईल,” प्रवीणकुमार म्हणाला. अक्काच्या कानाशी येऊन तो कुजबुजला, “अक्का, आता एकच वाचवू शकतं. साडेबारा. डोळे उघडण्याचं प्रात्यक्षिक.”

“कसलं प्रात्यक्षिक?”

“पत्रिकेत आहे. वेंकटमामांनीच लिहून दिलेलं.”

विनुताने पत्रिका पाहिली. अप्पांच्या गोलसर अक्षराची झेरॉक्स होती. साडेबारा, डोळे. पुढे नाव नव्हतं.

बारा जण कापडाखालच्या चित्राकडे बघत होते.

“नाही,” ती म्हणाली. “आज मला जमणार नाही.” मग ते फारच थोडं वाटलं म्हणून तिने हाताशी असलेली फाइल उघडली आणि दर माणशी दहा कागद वाटले. “आधी तुम्ही काढा.”

साहेबांनी कागद उलटेपालटे केले. “हे तर काढलेलेच आहेत.”

“चुकलेले आहेत. मध्ये जागा आहे, तिथे काढा.”

“कोणी चुकवले?”

तिने बॅनरकडे बोट केलं.

भरद्वाज सिंहासनावरून उतरले आणि जमिनीवर बसले; गुडघ्यांनी आवाज केला, त्यांनी केला नाही. मग सगळेच बसले. पहिला डोळा भरद्वाजांचा आला. त्यांनी तो लांब धरून पाहिला. “बटाटा,” ते म्हणाले.

“अप्पांचेही बटाटे आहेत. एकोणऐंशी सालचे बघा.”

“आमच्याकडे असा बटाटा काढला, तर मी बैठक बोलावतो. कोणी काढला, का काढला.” त्यांनी कागद उलटा करून पाहिला. “वेंकटराव हे कोणाला दाखवायचे?”

“कोणालाच नाही. मलाही नाही. विजेच्या ऑफिसला पावती लागली म्हणून कळलं.”

“म्हणजे बटाटे ठेवायला त्यांच्याकडे एक पेटी होती.” भरद्वाज कागदाकडेच बघत होते. “आमच्या एवढ्या मोठ्या कारखान्यात तशी एक पेटी नाही.” मग त्यांनी दुसरा डोळा काढायला घेतला, आणि सकाळपासून पहिल्यांदाच कुठे काय न्यायचं ते विसरले.

बारा डोकी खाली वाकलेली. कोणी जीभ बाहेर काढून रेघ ओढतंय, कोणी शेजाऱ्याच्या कागदावर बघून हसतंय, मुख्य साहेबांच्या डोक्यावर सोनं. विनुताकडे कोणाचंही लक्ष नव्हतं. चार महिन्यांत पहिल्यांदा तिच्याकडे कोणीच ‘आता ही काय करणार’ अशा नजरेने बघत नव्हतं. तिने उरलेल्या एका पत्रिकेच्या पाठीवर एक डोळा काढला. बिघडला. दुसरा काढला. बिघडला, पण वेगळा. किती काढले ते तिने मोजलं नाही. मग ती कोपऱ्यात गेली, बारांकडे पाठ करून बसली, चित्रावरचं कापड काढलं आणि ब्रश उचलला. श्वास रोखायचा राहूनच गेला.

दीड वाजता साहेब जेवायला बसले. सांबारात सोनं आहे हे कळल्यावर दोघांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. निघताना भरद्वाजांनी पुढचा शनिवार मोकळा आहे का, असं विचारलं. कंपनीतर्फे नाही, त्यांची फळी अजून काच झाली नव्हती. प्रवीणकुमार सिंहासनावर कोसळला आणि तिथेच झोपला.

सूर्यनारायण मामा आले ते गाड्या गेल्यावर. त्यांनी कोपऱ्यात पाहिलं. कापड नव्हतं. ते चपला काढून चित्रासमोर बसले. शेषाद्री मामांना एवढी शांतता सोसेना, पण वरलक्ष्मी मामींनी त्यांचा दंड धरून ठेवला होता. विनुता भिंतीला टेकून उभी होती. परीक्षेच्या निकालालाही ती अशी उभी राहिली नव्हती.

“वेंकटचा कृष्ण सरळ तुझ्याकडे बघायचा,” सूर्यनारायण म्हणाले. “कुठेही उभी राहा, तुझ्याकडेच.”

“हो.”

“हा दाराकडे बघतोय.”

“बुबुळं जरा उजवीकडे सरकली, मामा. मला कळलं, तोवर—”

“चुकलं का हो?” वरलक्ष्मी मामींना राहवलं नाही.

मामांनी कापरा हात कृष्णाच्या मुठीतल्या लोण्याच्या गोळ्याकडे नेला. “चोरी करताना कोणी समोर बघतं का? आई येते की काय, ते बघतोय तो.” ते चित्राकडे बघत राहिले. “आमच्या दोघांच्या हे इतक्या वर्षांत लक्षात नाही आलं. चोखोट आहे. उद्या सकाळी मठातून माणसं पाठवतो.”

विनुता “बरं” म्हणाली. मग ब्रश आणि वाटी उचलून धुवायला परसात गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. एक ब्रश धुवायला जेवढा वेळ लागतो त्याच्या कितीतरी पुढे तो आवाज चालू राहिला. वरलक्ष्मी मामींनी पदर खोचला आणि त्या तिच्यामागे निघाल्या, तेव्हा सूर्यनारायण मामांनी न वळताच हात आडवा धरला.

“बसा, मामी,” ते म्हणाले. “ती काम करतेय.”